३१ किलो, ३९ किलो की ४६ किलो? चाकणच्या शेडची पीईबी कोटेशनं वाचायची कशी?

लेथवाला | ९ डिसेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

भोसरीत भाड्याच्या गाळ्यात आमचं मशिनिंगचं काम चालतं. अण्णांनी दोन लेथवर सुरू केलं होतं. आता चाकणला प्लॉट घेतलाय आणि तिथे पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग, म्हणजे कारखान्यात फ्रेम तयार करून साइटवर बोल्टने जोडायची) शेड टाकायची आहे. रुंदी २४ मीटर, लांबी ६० मीटर, इव्हची (छपराच्या खालच्या कडेची) उंची ८ मीटर. मधे कॉलम नको. ५ टनी क्रेन, खालून पेंडंटवर चालणारी. खाली ३ मीटर विटांची भिंत, वर पत्रा. ५ बाय ५ ची चार रोलिंग शटर.

तीन पार्ट्यांकडून कोटेशन घेतलं. स्टीलचं वजन चौरस मीटरला असं आलंय : ४६ किलो, ३९ किलो आणि ३१ किलो. १४४० चौरस मीटरचा हिशेब केला तर साधारण ६६ टन, ५६ टन आणि ४५ टन. एकाच शेडमध्ये २१ टनांचा फरक कसा काय पडतो?

३१वाला म्हणतो, आमचं डिझाइन एकदम ऑप्टिमाइझ्ड आहे. ४६वाला म्हणतो, साहेब, ते कागदाचं घर आहे. ३९वाला काहीच म्हणत नाही, रोज सकाळी गुड मॉर्निंगचा फोटो पाठवतो.

अण्णांचं मत : "जड घे. लोखंड भंगारात गेलं तरी पैसे देऊन जातं."

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, त्यामुळे शिअर फोर्स, बेंडिंग मोमेंट पुसटसं आठवतंय. तेवढ्यावर समजेल असं सांगा.

---

मिसळीत_फरसाण

३९ घ्या. सरासरीही तेवढीच येते आणि गुड मॉर्निंग फुकट.

---

रेषा_आणि_भार

किलो नंतर मोजा. आधी प्रत्येकाकडून डिझाइन बेसिसचा कागद मागवा. बहुतेक कोटेशनच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरात असतो आणि तो कोणी वाचत नाही.

पहिली गोष्ट, छपरावरचा लाइव्ह लोड, म्हणजे माणसं चढली वगैरेचा येणारा-जाणारा भार. आपल्या आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचा भारतीय कोड) भाग २ प्रमाणे १० अंशांपर्यंत उताराच्या, वर जायला जिना नसलेल्या छपराला चौरस मीटरला ७५ किलो धरावे लागतात. तुमचा उतार १ इन १० असणार, म्हणजे पावणेसहा अंश, त्यामुळे पुरते ७५. अमेरिकन पद्धतीने डिझाइन करणारे ५७ धरतात. त्यात पत्रा, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) वगैरेचे १५ मिळवा : एकाने ९० किलोला फ्रेम केली, दुसऱ्याने ७२ ला. वीस टक्के भार तिथेच गेला, आणि दोघेही तुम्हाला "कोडप्रमाणे आहे" असंच सांगतील. खोटं कोणीच बोलत नाहीये.

दुसरी, वारा. पुण्याचा बेसिक विंड स्पीड ३९ मीटर प्रति सेकंद. मोकळ्या जागेत १० मीटर उंचीपर्यंत दाब येतो ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, म्हणजे ९१२ न्यूटन, ढोबळ ९३ किलो. २०१५ च्या कोडमध्ये फ्रेमसाठी काही गुणक लावून तो कमी करता येतो, पण ७० टक्क्यांच्या खाली जाता येत नाही. म्हणजे ६५ किलो धरा. आता वाऱ्याकडच्या उतारावर वरून जी ओढ बसते तिचा गुणांक ०.९ च्या थोडा पुढे. त्यात शेडच्या आतून वर ढकलणारा दाब मिळवायचा, आणि खरी गोम इथेच आहे. भिंतींत उघडी जागा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर आतला गुणांक ०.२. पाच ते वीसमध्ये असेल तर एकदम ०.५.

तुमची चार शटर म्हणजे १०० चौरस मीटर. चारी भिंती मिळून १६८ गुणिले ८, म्हणजे १३४४. सात टक्क्यांच्या वर गेलात की! ०.२ धरलं तर वरची ओढ ७४ किलो, ०.५ धरलं तर ९४. आणि तिला खाली धरून ठेवायला पत्रा-पर्लिनचं वजन किती? दहा-बारा किलो.

तिघांनी कोणता आकडा धरलाय ते बघा आणि इथे टाका.

---

सहज_म्हणून

म्हणजे छप्पर खाली पडेल ही भीती नसून वर उडेल ही आहे? इतकी वर्षं उगाच शेडमध्ये मान वर करून बघत होतो.

---

आबा_नारायणपेठ

आमच्या वेळेला अँगलचे ट्रस असत, सहा मीटरवर एक, वर ॲस्बेस्टॉसचा पत्रा. चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या शेड भोसरीत अजून उभ्या आहेत. हे प्लेटा कापून जोडायचं खूळ नव्वदनंतर आलं. २४ मीटरला ट्रस केलात तर पीईबीपेक्षा हलकाच बसेल, मी लिहून देतो. ऑप्टिमाइझ्ड म्हणे.

---

०.९९

आबा, हलका बसेल हे कबूल. पण एका ट्रसला किती तुकडे, किती गसेट आणि किती वेल्ड? लोखंड वाचतं आणि मजुरी खाते. मोठ्या स्पॅनला, क्रेन नसेल तिथे, ट्रस आजही करतात. २४ मीटरला पोर्टल फ्रेमच परवडते, कारण अख्खी फ्रेम मशिनवर होते.

मी अशाच एका कंपनीत डिझाइनला आहे (नाव विचारू नका, आयडीवरून ओळखलंत तर गप्प बसा). लेथवाल्यांना आतली गंमत सांगतो.

चांगल्या पीईबीत वजन वाचतं ते तीन-चार खऱ्या जागी. सगळ्यात मोठी जागा म्हणजे निमुळता सेक्शन. पोर्टल फ्रेमचा मोमेंट डायग्राम आठवा : कॉलम आणि राफ्टर (छपराची तिरकी तुळई) जिथे भेटतात त्या ‘नी’ला सर्वात जास्त, मग राफ्टरवर पुढे जाल तसा घटत शून्यावर येतो आणि माथ्याकडे उलट बाजूला थोडा वाढतो. पिन बेस (पाया बिजागरीसारखा, फिरू देणारा) असेल तर कॉलमच्या पायाशी शून्य. मग राफ्टरची खोली सगळीकडे सारखी का ठेवायची? नी-शी ८०० मिलिमीटर, निमुळत्या टोकाला ४००. आणि हे कापतात कसं ते एकदा शॉपमध्ये येऊन बघा. १२०० रुंदीची प्लेट घ्यायची, एकच तिरकी रेघ मारायची, दोन वेब (आय सेक्शनची मधली उभी प्लेट) तयार. एकाचं ८०० चं टोक दुसऱ्याच्या ४०० च्या टोकाला लागून, मधे भंगार शून्य. साडीतून दोन ब्लाउजपीस काढणाऱ्या शिंप्यासारखं काम आहे. डिझायनरने ८०० आणि ४०० ऐवजी ७८० आणि ३७० केलं तर कागदावर फरक चिमूटभर, शॉपमध्ये ५० मिलिमीटरची पट्टी प्रत्येक प्लेटमागे भंगारात. स्टॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमधलं सर्वात कमी वजन आणि शॉपमधला सर्वात कमी खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे कळायला मला सहा वर्षं लागली.

दुसरी जागा पर्लिन. झेड पर्लिनची एक फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) किंचित रुंद असते, म्हणून एकावर एक बसते. राफ्टरवर दोन पर्लिन एकमेकांवर चढवून लॅप केल्या की जिथे मोमेंट जास्त तिथे आपोआप दुप्पट जाडी मिळते आणि पर्लिन कंटिन्युअस होते. सुट्या पर्लिनला डब्ल्यू एल स्क्वेअर बाय ८, लॅपवाल्यात मधल्या बेना (बे म्हणजे दोन फ्रेममधला गाळा) त्याहून बरंच कमी. शेवटच्या बेला मात्र जास्त येतो, कारण तिकडे पुढे हात धरायला कोणी नाही. म्हणून शहाणा माणूस शेवटची बे थोडी छोटी ठेवतो किंवा तिथली पर्लिन जाड घेतो.

तिसरी, बे स्पेसिंग. ४६वाल्याने बहुतेक ६ मीटरची बे धरली असेल. ६० मीटरला ११ फ्रेम. साडेसात केली तर ९. पर्लिन थोड्या जड होतात, पण दोन फ्रेम, चार फाउंडेशन आणि चार दिवस वाचतात.

आता खोट्या जागा. टेंडरला वेळ असतो एक दुपार. सेल्सवाला मागे उभा राहून विचारतो, "अजून दोन किलो उतरेल का?" उतरतं की. लाइव्ह लोड ५७ करा, आतला वारा ०.२ करा, साइडस्वे (फ्रेमचं आडवं हलणं) बघूच नका, राफ्टरच्या खालच्या फ्लँजला दर दीड मीटरवर आधार आहे असं सॉफ्टवेअरला सांगा. रेशो (भार भागिले ताकद, एकच्या आत हवा) ०.९९ आणि सगळे खूश.

---

मिसळीत_फरसाण

शिंप्याची उपमा आवडली. आमचा शिंपी एका साडीतून दोन ब्लाउजपीस काढून एकच देतो.

---

भिंतीला_तडा

साइडस्वेवर मी बोलतो, आयडी त्यासाठीच घेतलाय.

आमची शेड रांजणगावला, जवळपास अशीच. २० मीटर रुंद, खाली ३ मीटर वीटकाम, ३ टनी क्रेन. सर्वात हलकं कोटेशन घेतलं, कारण आमचा सीए म्हणाला की स्टील स्टीलच असतं. पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक कॉलमशेजारी भिंतीला उभी चीर. गवंड्याने भरली. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच. तिसऱ्या वर्षी एका प्राध्यापकांना नेऊन दाखवलं. त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही, कॅल्क्युलेशनचं बाड मागितलं आणि एका पानावर बोट ठेवलं : कॉलमचं आडवं सरकणं, उंची भागिले ६० ला पास केलेलं. ८ मीटरला ते १३३ मिलिमीटर होतं. पत्रा तेवढा हलतो आणि गप्प बसतो. वीट गप्प बसत नाही.

आयएस ८०० (स्टील बांधकामाचा कोड) मध्ये तक्ता आहे. पत्र्याच्या शेडला उंची/१५०, विटांसारख्या ठिसूळ भिंतीला उंची/२४०. तुमच्या ८ मीटरला हिशेब केला तर ५३ आणि ३३ मिलिमीटर. अमेरिकन पुस्तकात नुसत्या पत्र्याला उंची/६० ची सूट आहे, पण ती त्यांच्या शेडसाठी, जिथे खाली वीटकाम नसतं.

क्रेनचं तर विचारूच नका. दोन रुळांमधलं अंतर १० मिलिमीटरच्या वर हलू नये असं कोड म्हणतो. आमची क्रेन वाऱ्याच्या दिवशी मधल्या बेमध्ये आली की चाकाची कड रुळाला घासून असा आवाज काढते की शेजारच्या कंपनीतला वॉचमन बाहेर येतो.

पुढे मूर्तीपेक्षा मखर जड झालं. कॉलमला प्लेटा वेल्ड केल्या, वेगळं ब्रेसिंग (तिरके आधार) घातलं.

---

लेथवाला

बापरे. तिघांचे कागद काढून बसतो. एक शंका, ती ‘खालच्या फ्लँजला आधार’ भानगड नीट कळली नाही.

---

रेषा_आणि_भार

सांगते. प्लास्टिकची फूटपट्टी उभ्या कडेवर धरून दोन्ही टोकांना वाकवायला जा. ती खाली वाकायच्या आधी बाजूला पिळवटून पडते. राफ्टरची जी फ्लँज दाबात असते ती अशीच बाजूला निसटायला बघते. छपरावर भार असताना माथ्याकडे वरची फ्लँज दाबात असते, तिला पर्लिननी जागोजागी धरलेलं असतं. पण नी-जवळ खालची फ्लँज दाबात, आणि वारा छप्पर वर उचलतो तेव्हा तर माथ्याकडच्या भागातही खालचीच. तिला धरणारं कोण? पर्लिनपासून राफ्टरच्या खालच्या फ्लँजपर्यंत तिरका जाणारा एक छोटासा अँगल. फ्लँज ब्रेस. वजन दोन-तीन किलो, एका टोकाला एक बोल्ट, दुसऱ्या टोकाला एक बोल्ट. अख्ख्या फ्रेमचं गणित या तीन फुटी तुकड्यावर उभं असतं.

आणि साइटवर सर्वात आधी गायब होणारी वस्तूही तीच.

---

चाकणचा_वारा

+१. गायब का होतो ते ऐका. डक्टवाला येतो, म्हणतो हा अँगल आडवा येतोय. रंगवाला म्हणतो ब्रश पोचत नाही. केबल ट्रेवाला काढतो आणि परत लावत नाही. मी इरेक्शनची कामं घेतो, हँडओव्हरला मोजून देतो आणि सही घेतो. वर्षाने गेलो की डझनभर कमी.

इरेक्शनचंही एक सांगतो, म्हणजे ऑप्टिमाइझ्डचा अर्थ कळेल. चाकणच्याच भागात, मे महिना. दुसऱ्या गँगची साइट, आमची शेजारी. सहा फ्रेम उभ्या, मधे चार-चार पर्लिन टाकलेल्या, ब्रेसिंगचे रॉड अजून गाडीत. नियम असा की पहिल्या दोन फ्रेम उभ्या केल्या की त्या बेचं ब्रेसिंग, टर्नबकल आवळून, ओळंबा बघून पुरं करायचं आणि मग पुढची फ्रेम. पण हायड्रा क्रेनचं भाडं तासावर चालू, म्हणून गड्यांनी ठरवलं की आधी सगळ्या फ्रेम उभ्या करू. दुपारी चारला वळवाचं आभाळ आलं. गँग चहाला गेली होती हे नशीब. मी आमच्या कॉलमला टेकून उभा होतो. आधी धुळीचा लोट आला, मग पत्र्याचे गठ्ठे फडफडले, आणि मग सहाच्या सहा फ्रेम एका बाजूला कलायला लागल्या, अगदी सावकाश, शाळेच्या कवायतीत सरांनी ऑर्डर दिल्यासारख्या. आवाज सगळ्यात शेवटी आला.

पूर्ण झालेली शेड ३९ मीटरच्या वाऱ्याला उभी राहते. अर्धी शेड चहाच्या वेळच्या वाऱ्याला पडते.

---

आबा_नारायणपेठ

आमचे ट्रस नाही पडले कधी.

---

चाकणचा_वारा

आबा, पडलेले भंगारात गेले, उभे राहिलेले तुम्ही बघताय. :)

---

लीड्सकर

थोडं अवांतर. मी इंग्लंडमध्ये याच कामात आहे. इथे निमुळत्या प्लेटा क्वचितच. सरसकट गरम रोल केलेले आय सेक्शन घेतात आणि नी-शी स्पॅनच्या दहा टक्के लांबीचा हंच खालून जोडतात. डिझाइन प्लास्टिक पद्धतीने, म्हणजे स्टील एका जागी यील्ड झालं (कायमचं वाकलं) तरी मोमेंट दुसरीकडे सरकतो याचा फायदा घेऊन. वजन थोडं जास्त जातं, पण फॅब्रिकेशनचे तास फार कमी. इथे तासच महाग. तुमच्याकडे वेल्डिंगचा तास स्वस्त आणि स्टील महाग, म्हणून तुमचं उत्तर वेगळं. ‘एफिशियंट’चा अर्थ पिनकोडप्रमाणे बदलतो.

अजून एक. प्लास्टिक पद्धतीला प्लेटा जाड लागतात. पीईबीचा पातळ वेब यील्ड होण्याआधीच कागदासारखा दुमडतो, त्यामुळे तिथे हा फायदा विसरायचा.

---

मिसळीत_फरसाण

पीईबीला मराठीत काय म्हणतात? गुगलबाबा ‘पूर्व-अभियांत्रिकी इमारत’ म्हणतोय. म्हणजे अकरावी-बारावीची इमारत का?

---

सहज_म्हणून

‘ठरवून केलेली शेड’. सगळं आधी ठरलेलं, मांडवात फक्त बोल्ट आवळायचे.

---

भिंतीला_तडा

आणि मांडवात कळतं की भोकं जुळत नाहीत. आमच्या फाउंडेशन बोल्टचं तेच झालं. सिव्हिलवाल्याने टेम्प्लेट न वापरता बोल्ट सोडले, २० मिलिमीटर सरकले. मग बेस प्लेटला गॅस कटरने भोक वाढवणं. पुढचं तुम्ही जाणता.

---

रेषा_आणि_भार

फाउंडेशन निघालंच आहे तर, लेथवाले, कोटेशनमध्ये ‘रिॲक्शन’ मागा, म्हणजे प्रत्येक कॉलमखाली फाउंडेशनवर किती बळ येतं. स्टीलवाला स्टीलचे किलो दाखवतो, काँक्रीटचे दाखवत नाही.

फिक्स्ड बेस (पाया घट्ट जखडलेला) केला की कॉलम ताठ होतो, साइडस्वे कमी, स्टील वाचतं. पण तो सगळा मोमेंट फुटिंगला पचवावा लागतो. तुमच्याकडे खाली मुरूम किंवा कातळ लवकर लागला तर परवडेल. काळी माती खोल असेल तर पिन बेस बरा, स्टील दोन किलो जास्त गेलं तरी. बोअर घेतलाय का?

आणि वर उचलणारं बळ विसरू नका. एका मधल्या कॉलमच्या वाट्याला १२ गुणिले साडेसात, ९० चौरस मीटर छप्पर येतं. वारा त्याला साधारण सात-आठ टनांनी वर ओढणार, आणि स्टील, पत्रा सगळं मिळून खाली धरायला दोन-अडीच टन. उरलेलं फुटिंगच्या आणि वरच्या भरावाच्या वजनाने धरायचं. शेड जितकी हलकी तितकं फुटिंग जड. तीन किलोंचं कौतुक करताना हे कोणी सांगत नाही.

---

सहज_म्हणून

सोलरचं कोणी बोललं नाही. आमच्या शेडवर पाच वर्षांनी पॅनल टाकायला गेलो तर डिझायनर म्हणाला, परवानगी नाही. १५ किलो चौरस मीटरला. पर्लिन तेवढ्याला केल्याच नव्हत्या.

---

०.९९

बरोबर. याला कोलॅटरल लोड म्हणतात. सोलर, स्प्रिंकलर, डक्ट, दिवे. कोटेशनमध्ये ‘निरंक’ लिहिलेलं असतं. आज १५ किलो धरून घेतलेत तर वजन थोडंच वाढतं. पाच वर्षांनी चालू कारखान्यात, मशिनवर ताडपत्री टाकून पर्लिन बदलायच्या म्हणजे विचार करा.

---

मिसळीत_फरसाण

आमच्या गल्लीतल्या एका शेडवर पाटी आहे : "पत्र्यावर चढू नये. पडल्यास माणसाची जबाबदारी माणसाची. पत्र्याचे पैसे मात्र घेतले जातील." लाइव्ह लोड शून्य धरला असावा.

---

लेथवाला | २१ डिसेंबर

मंडळी, काय सांगू! तिघांचे कागद घेऊन दोन रविवार बसलो, रेषाताईंनी व्यनितून मदत केली. (आभार मानू नका म्हणाल्यात, तरी मानतो.)

३१वाल्याने लाइव्ह लोड ५७, आतला वारा ०.२, कोलॅटरल निरंक, साइडस्वे उंची/६०. आणि सगळ्यात भारी, शेवटच्या पानावर एक ओळ : "गॅन्ट्री गर्डर, बाय क्लायंट." म्हणजे क्रेन ज्यावर धावते ते गर्डर वजनात धरलेलेच नाहीत! दोन्ही बाजूंचे मिळून १२० मीटर. मीटरला ६५ किलो धरले तरी पावणेआठ टन. चौरस मीटरला पाच किलोंच्या वर तर इथेच सापडले.

४६वाल्याने सगळे भार नीट धरलेत, पण ०.९९ म्हणाले तसंच, ६ मीटरची बे, राफ्टर सरळसोट, पर्लिन सुट्या. जुन्या कुठल्यातरी शेडचं ड्रॉइंग ताणून दिलंय.

३९वाल्याचं बरंचसं बरोबर. फक्त शटरचा वारा आणि सोलर नाही.

मग मी एकच कागद केला. लाइव्ह ७५, कोलॅटरल १५, वारा ३९ आणि आतला ०.५, साइडस्वे उंची/२४०, रुळांमधलं अंतर, गॅन्ट्री गर्डर धरून, बे साडेसात, पिन बेस, रिॲक्शन द्या. तिघांना एकदम पाठवला.

नवे आकडे : ४६चे झाले ४२. ३९चे झाले ४१. ३१चे झाले ४०.

२१ टनांचा फरक तीन टनांच्या आत आला.

---

०.९९

आमच्या सेल्सवाल्याला हा धागा दाखवू नका.

---

आबा_नारायणपेठ

म्हणजे अण्णाच बरोबर की. जड घे.

---

लेथवाला

आबा, अण्णाही तेच म्हणाले. म्हटलं अण्णा, ४६ किलो घेतलं असतं तर चार किलो नको तिथे गेले असते. तर म्हणाले, "नको तिथे म्हणजे कुठे? आपल्याच शेडमध्ये ना?" यावर उत्तर असेल तर सांगा.

---

रेषा_आणि_भार

त्यांना म्हणावं, लेथवर दहाचा शाफ्ट हवा असताना बाराचा ठेवला तर गिऱ्हाईक घेतं का?

---

लेथवाला

हे लागू पडलं. पाच मिनिटं गप्प होते.

---

लेथवाला | ४ मे

धागा वर काढतोय. काम ३९वाल्याला दिलं (गुड मॉर्निंग अजून चालू आहे). ९ फ्रेम उभ्या आहेत. पहिल्या दोन फ्रेमनंतर ब्रेसिंग पुरं होईपर्यंत हायड्रा थांबवला, भाडं गेलं, पण चाकणचा_वारा यांचं चहाचं वर्णन डोळ्यांसमोर होतं. पत्रा अर्धा झालाय.

फ्लँज ब्रेसचं मी अण्णांना सहज बोललो होतो. काल ते साइटवर आले, ड्रॉइंग मागितलं, खडू घेतला. मधल्या ७ फ्रेम, एकेका फ्रेमला १६, एकूण ११२. मचाणाच्या शिडीवर एक पोरगा चढवला आणि खालून स्वतः उन्हात उभं राहून एकेक मोजला. प्रत्येक कॉलमवर खडूने आकडा. १०९ भरले.

सुपरवायझर म्हणाला, साहेब, दीड फुटाचा अँगल आहे, काय फरक पडतो. अण्णा म्हणाले, "तीन फुटाचा आहे. ड्रॉइंग बघ."

तासाभराने तिन्ही सापडले. वॉचमनने तिवई करून त्यावर पाण्याचा माठ ठेवला होता.

---

चाकणचा_वारा

अण्णांना आमच्या हँडओव्हरला पाठवा. दिवसाचे पैसे देतो.

---

मिसळीत_फरसाण

माठाचं काय झालं?

---

लेथवाला

तीन विटांवर आहे. तडा नाही.